दोन अंगठे

नागपुरात मारबतीची मिरवणूक निघून दोन दिवस झाले होते आणि दुसऱ्या दिवशी गणपती बसायचे होते, त्यामुळे सकाळी पावणेनऊलाच धंतोलीत गाडी उभी करायला बोटभर जागा नव्हती. दोन गल्ल्या पलीकडे गाडी लावून, चिखल चुकवत मी नर्सिंग होममध्ये पोहोचले तेव्हा यादीतली पहिली रुग्ण हिरवा गाऊन घालून खाटेवर बसलेली होती. भिवापूरकडच्या एका गावातल्या आजी, वय बासष्ट, अंग बाहेर येण्याचा त्रास आठ-नऊ वर्षांचा. हातातल्या बांगड्यांवर सिस्टरने पांढरी चिकटपट्टी गुंडाळली होती आणि मंगळसूत्र रुमालात बांधून मुलाच्या खिशात गेले होते. संमतीपत्र तयार होते. चार पाने, इंग्रजीत. शेवटच्या पानावर मुलाची सही, आणि तिच्याखाली रुग्णासाठी राखलेल्या चौकटीत निळ्या शाईचा अंगठा. आजींनी उरलेली शाई केसांना पुसली होती. कानाजवळच्या पांढऱ्या बटेवर निळसर डाग दिसत होता.

मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. दात हलतात का, दमा आहे का, आधी कधी भूल घेतली आहे का. मग पाठीत एक सुई देणार, कमरेखालचा भाग बधिर होणार, असे सांगू लागले. आजी माझ्याकडे न बघता त्या कागदाकडे बघत होत्या. मध्येच त्यांनी विचारले, "अन् मी नाही म्हटलं तं?"

त्यात राग नव्हता आणि रडही नव्हती. बाजारात एखाद्या वस्तूचा भाव विचारावा तसा तो प्रश्न होता. मुलगा घाईघाईने पुढे आला. "ते तशीच बोलते मॅडम. सही झाली आहे नं. तुम्ही चालू द्या."

भूलतज्ज्ञ म्हणून मी तीस वर्षे काम करते आहे. माझा स्वतःचा दवाखाना नाही. धंतोली, रामदासपेठ, कधी सक्करदरा, असा बोलावतील तिथे जाण्याचा हा धंदा. रुग्णाची आणि माझी ओळख सुईच्या आधीच्या चार-पाच मिनिटांची असते. या तीस वर्षांत मला 'दुखेल का' असे विचारणारे हजारो भेटले, 'मधेच जाग आली तर' असे विचारणारेही पुष्कळ भेटले. पण कागदावर अंगठा उमटल्यानंतर नकाराची किंमत विचारणारे कोणी भेटले नव्हते. मला उत्तर माहीत होते. कायद्याचे उत्तर एका ओळीचे आहे: नाही म्हटले तर आम्हाला हात लावता येणार नाही, सही झालेली असो वा नसो, दिलेली संमती केव्हाही परत घेता येते. तरी ते उत्तर माझ्या तोंडून लगेच निघाले नाही, आणि ते का निघाले नाही हेच मला पुढे कित्येक दिवस टोचत राहिले.

मी शिकले त्या सरकारी रुग्णालयात संमतीपत्र म्हणजे केस पेपरच्या मागच्या बाजूला मारलेला एक रबरी शिक्का होता. 'पेशंटच्या प्रकृतीची कल्पना आम्हाला दिली आहे, काही बरेवाईट झाल्यास डॉक्टर जबाबदार राहणार नाहीत.' वॉर्डच्या दाराशी नातेवाइकांचा घोळका असायचा, त्यातला जो पुढे सरकेल त्याची सही घ्यायची. कधी काका, कधी शेजारी. एकदा तर ज्याने सही केली तो जीपचा ड्रायव्हर निघाला. त्या शिक्क्यातल्या दुसऱ्या अर्ध्या वाक्याला कायद्यात कवडीची किंमत नाही, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. रुग्ण शस्त्रक्रियेला राजी होऊ शकतो, तिच्यातल्या स्वाभाविक धोक्याला राजी होऊ शकतो. निष्काळजीपणाला मात्र कोणी आगाऊ माफी लिहून देऊ शकत नाही, आणि दिली तरी ती चालत नाही. आम्ही तो शिक्का मात्र ताईत बांधावा तसा प्रत्येक कागदावर उमटवत होतो.

मग १३ नोव्हेंबर १९९५ चा निकाल आला. पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. सर्वांना सरसकट मोफत उपचार देणाऱ्या दवाखान्यांना त्यातून वगळले होते, म्हणून आम्हा रेसिडेंटांना तसा धक्का नव्हता; पण कँटीनमध्ये तर्री-पोह्यांच्या बशा समोर ठेवून वरिष्ठ मंडळी ज्या स्वरात बोलत होती तो मला अजून आठवतो. आपल्याला किराणा दुकानदार करून ठेवले, असा एकूण सूर होता. आज मागे वळून पाहताना वाटते की त्या सुरात थोडा अहंकार होता आणि थोडे खरे दुःखही होते. त्यानंतरच्या वर्षांत संमतीपत्रे एका ओळीची एका पानाची झाली, पानाची चार पाने झाली. कागद वाढला. खाटेजवळ उभे राहण्याचा वेळ मात्र, माझ्या पाहण्यात तरी, वाढला नाही.

कायद्याचे दोन खटले माझ्या मनात नेहमी जोडीने येतात, कारण दोन्हींत माझा धंदा आहे. पहिला मराठी मुलखातला. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर वीसेक वर्षांच्या एका मुलाच्या मांडीचे हाड मोडले. फळ्या बांधून, टॅक्सीत घालून त्याला सुमारे दोनशे मैलांवर पुण्याला आणले. तिथे हाड जुळवताना पुरेशी भूल न देता माणसांकरवी पाय ओढला गेला, त्या धक्क्याने मुलगा त्याच दिवशी रात्री गेला, असा निष्कर्ष न्यायालयांनी काढला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६८ साली लागला. भरपाई तीन हजार रुपये. डॉक्टरची तीन कर्तव्ये त्या निकालात सांगितली आहेत: रुग्ण हाती घ्यावा की नाही हे ठरवताना काळजी, कोणता उपचार द्यावा हे ठरवताना काळजी, आणि तो उपचार देताना काळजी. न्यायवैद्यकाच्या तासाला आम्ही ती पाठ केली होती. पाठ करताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र तो पाय होता. तिथे चूक होती ती भूल न देण्याची.

दुसऱ्या खटल्यात भूल व्यवस्थित दिलेली होती.

१९९५ च्या मे महिन्यात दिल्लीत ४४ वर्षांची एक अविवाहित स्त्री दुर्बिणीतून तपासणी करून घेण्यासाठी दाखल झाली. तपासणी पूर्ण भूल देऊन चालू असताना सहायक डॉक्टर बाहेर आल्या, तिच्या आईची सही घेतली, आणि आत गर्भाशय व अंडाशय काढून टाकण्यात आले. हेतू वाईट नव्हता, हे पुढे न्यायालयानेही मान्य केले. पण १६ जानेवारी २००८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की सज्ञान, समजूतदार स्त्रीच्या वतीने तिच्या आईला संमती देता येत नाही. तपासणीला दिलेली संमती ही अवयव काढायला दिलेली संमती होत नाही. जिवावर बेतलेले नसेल, तर ती शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. डॉक्टरांची फी नामंजूर झाली आणि २५ हजार रुपये भरपाई ठरली. वैद्यकीय परिषदांच्या बैठकांत या निकालावर बरीच चर्चा झाली, बहुतेक स्लाइड्स फॉर्मच्या नमुन्यांच्या होत्या. मी मागच्या रांगेत बसून 'शुद्धीवर येईपर्यंत' या दोन शब्दांपाशी अडकले होते. कारण ती बेशुद्धी आमची असते. आजाराने आलेली नव्हे, आम्ही आणलेली, मोजून दिलेली, आणि पाऊण तासाने हमखास उतरणारी.

१९९९ सालची एक दुपार मला तेव्हा आठवली होती, आणि आजींच्या प्रश्नानंतर पुन्हा आठवली. एक लहान हॉस्पिटल; नाव सांगत नाही. मे महिना, बाहेर पंचेचाळीस अंश, कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत येत होता आणि आत हॅलोथेन या भुलीच्या औषधाचा गोडसर वास. अडतीस वर्षांची बाई, गर्भाशयातली गाठ काढायची होती. पोट उघडल्यावर गाठी तीन निघाल्या. सर्जनने दार अर्धे उघडून, रक्ताचे हातमोजे छातीशी धरून नवऱ्याला विचारले, "पिशवीच काढून टाकू का? पुन्हा त्रास नको." नवरा हो म्हणाला, सिस्टरने कागद धरला, त्याने उभ्या उभ्या सही केली. त्या दोन मिनिटांत मी काय करत होते? मी बॉइल्स मशीनची, म्हणजे भूल देण्याच्या यंत्राची, काळी पिशवी दाबत होते. एक, दोन, सोडा. एक, दोन, सोडा. रक्तस्राव फार नव्हता, नाडी शांत होती, घाईचे काहीच कारण नव्हते. मी पिशवी दाबायची थांबून 'उद्या तिलाच विचारू' असे म्हणू शकले असते, असे लिहायला आज सोपे आहे. त्या काळी ते माझ्या मनातसुद्धा आले नाही, आणि तेच मला जास्त लागते. संध्याकाळी तिला पूर्ण जाग आली तेव्हा मी नाडी बघायला गेले. ओठ कोरडे पडले होते. तिने विचारले, "गाठ निघाली का?" मी म्हटले, "हो."

ते 'हो' खोटे नव्हते, एवढेच त्याच्याविषयी सांगता येईल.

आमच्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर हा लेख एकांगी होईल. रुग्ण सज्ञान असताना नातेवाइकाची सही का घेतात, असे एका सर्जन मित्राला मी विचारले होते. तो म्हणाला, कायद्याला रुग्णाची सही लागते आणि काचांना नातेवाइकांची. त्याच्या स्वागतकक्षाच्या काचा एकदा फुटलेल्या आहेत. रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण रात्री दोन वाजता पन्नास माणसे चालून येतात तेव्हा कायदा दारात उभा नसतो. शिवाय २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत शस्त्रक्रियेआधी पती किंवा पत्नीची, अल्पवयीनाच्या बाबतीत पालकाची, अथवा रुग्णाची लेखी संमती घ्यावी, अशी काहीशी गोंधळात टाकणारी वाक्यरचना आहे, आणि सवयीला असा एखादा आधार पुरतो. गर्भपाताच्या कायद्यात तर १९७१ पासून सज्ञान स्त्रीच्या नवऱ्याच्या संमतीची अटच नाही; तरी नवरा सही करायला येईपर्यंत खोळंबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आणि मी स्वतः काय केले? काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या हर्नियाचे ऑपरेशन होते. निवृत्त शिक्षक, ऐंशीच्या घरातले, तल्लख. खाटेवर बसून चष्मा लावून पेपर वाचत होते. सिस्टरने फॉर्म माझ्यापुढे धरला, मी डॉक्टरी सवयीने झरझर सही केली. बाबांनी पेपर खाली घेतला आणि चष्म्यावरून बघत विचारले, "ऑपरेशन कोणाचे आहे?"

याच्या उलटचा अनुभवही आहे, आणि तो मला कायद्याविषयी आदर वाटायला लावतो. कॅज्युअल्टीतल्या रात्री. वर्धा रोडवरून आणलेला, डोक्याला मार लागलेला, खिशात काही नाही, सोबत कोणी नाही. केस पेपरवर 'अनोळखी पुरुष, अंदाजे वय ३५'. तिथे कोणाच्या सहीची वाट बघायची नसते. शुद्ध नाही, जवळचे कोणी नाही आणि थांबायला वेळ नाही, अशा माणसाच्या भल्यासाठी चांगल्या हेतूने केलेल्या कृतीला जुन्या दंड संहितेच्या ९२ व्या कलमाने संरक्षण दिले होते. नव्या न्याय संहितेत ते ३० वे कलम झाले. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाने तर सांगून टाकले की जीव वाचवणे आधी, पोलिसांचे कागद नंतर. त्या रात्री दोन डॉक्टरांनी केस पेपरवर परिस्थिती लिहून सह्या केल्या आणि मी श्वासाची नळी टाकली. तो माणूस वाचला. संमतीशिवाय दिलेली ती भूल माझ्या मनाला कधी टोचली नाही. म्हणजे टोचणी संमतीच्या अभावाची नसते. जिथे विचारता येत होते, माणूस समोर बसला होता आणि ऐकू येत होते, तिथे न विचारल्याची असते.

आजींच्या बाबतीत तर विचारलेही होते, असे फाइल सांगत होती. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या १३ व्या कलमात संमतीची व्याख्या आहे. दोन माणसे एकाच गोष्टीला एकाच अर्थाने राजी झाली, तर ती संमती. एवढेच. मी स्टूल ओढून खाटेजवळ बसले आणि विचारले, "आजी, सुईची भीती वाटते का?" तेव्हा कळले की त्यांच्या शेजारणीला पाठीत सुई दिली होती आणि तेव्हापासून ती 'कमरेनं गेली'. माझ्या लेखी पाठीतली सुई म्हणजे २५ नंबरची, केसासारखी बारीक, दोन मिनिटांचे काम. त्यांच्या लेखी ती शेजारीण होती, जिला आता विहिरीवर जाता येत नाही. एकच शब्द, अर्थ दोन, आणि खाली एकच अंगठा.

मग अंगठ्याचेही निघाले. त्यांच्या सासऱ्याने सावकाराच्या कागदावर अंगठा दिला होता, तीस पोते धान्यासाठी म्हणून, आणि दोन वर्षांनी कळले की तो कागद ओढ्याकाठच्या वावराचा होता. "अंगठा देल्ला का काही ना काही जातेच, बाई," आजी म्हणाल्या. मुलगा लाजून खिडकीबाहेर बघू लागला.

किती सांगावे, हा प्रश्न त्या २००८ च्या निकालातही आहे. उपचाराचे स्वरूप, फायदा, दुसरा काही मार्ग आहे का, मोठे धोके कोणते, आणि उपचार नाकारला तर काय होईल, हे सांगितले पाहिजे. पण लाखात एखादा घडणारा धोका सांगून रुग्णाला घाबरवू नये, तसाच नकाराचा बागुलबुवाही उभा करू नये, तोल राखावा, असे न्यायालय म्हणते. न्यायालयाला तोल राखायला शंभर पाने मिळतात. मी सांगितले की रक्तदाब उतरू शकतो, त्यासाठी सलाइन लावले आहे. थंडी वाजून येईल. क्वचित दोन-तीन दिवस डोके दुखते. कंबरदुखी सुईनेच झाली असे बहुधा नसते. पाय कायमचे जाणे अतिशय दुर्मीळ आहे, हेही सांगितले, कारण त्यांच्या मनात तेच होते आणि दुर्मीळ म्हणून गिळून टाकणे मला जमले नाही. सुई नको असेल तर पूर्ण भूल देता येईल. ऑपरेशन आज केले नाही तर जिवाला धोका नाही. त्रास राहील, लघवीचा त्रास वाढू शकेल. तोपर्यंत सव्वानऊ वाजले होते. सर्जन दारातून दोनदा डोकावून गेले. मला स्वतःलाही साडेअकराला रामदासपेठेत दुसरी केस होती, आणि खरे सांगायचे तर एकीकडे मी मनातल्या मनात आजींनी आता हो म्हणावे म्हणून घाई करत होते.

आजी बराच वेळ बांगड्यांवरची चिकटपट्टी नखाने उकरत बसल्या. मग म्हणाल्या, "करतो नं. पन आज नाही. पाच दिवसांनी घरी महालक्ष्म्या बसते. सुनेचं पयलंच वर्स हाये, तिले काई मालूम नाही. महालक्ष्म्या उठल्या का येतो."

मुलगा भडकला. त्याने बुटीबोरीच्या कंपनीतून तीन दिवसांची सुटी काढली होती, ॲडव्हान्स भरला होता, आणि हे काल घरी का नाही सांगितले, असे तो विचारत होता. काल कोणी विचारलेच नव्हते, असे आजींनी त्याला शांतपणे सांगितले. सर्जन आले, एक सुस्कारा सोडला, आणि सिस्टरला म्हणाले, "नीट लिहून घ्या." नकारही लिहून घ्यावा लागतो. फायदे, धोके व शस्त्रक्रिया न केल्यास होणारे परिणाम रुग्णास मराठीतून समजावून सांगितले, रुग्ण आज शस्त्रक्रियेस नकार देत आहे, असे मी हाताने लिहिले. सिस्टरने शाईचा पॅड पुढे केला.

आजींनी पॅडकडे पाहिले, मग माझ्याकडे. "नाही म्हनाले बी अंगठा लागते?"

"लागतो, आजी."

"मंग हा पयला पुसून टाका नं."

तो पुसता येत नाही. वैद्यकीय नोंदीत खाडाखोड करायची नसते, पांढरी शाई लावायची नसते. एक सरळ रेघ मारून बाजूला सही, तारीख आणि वेळ टाकायची, म्हणजे खालचे वाचता आले पाहिजे. मी पेन घेऊन त्या निळ्या ठशावरून तिरपी रेघ ओढली आणि ९.३५ अशी वेळ लिहिली. आजींनी ती रेघ नीट पाहून घेतली. मग स्वतःच अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर टेकवून, बऱ्याच जोराने, मोजल्यासारखा दोन-तीन श्वास तसाच धरून ठेवला.

आजी महालक्ष्म्यांनंतर परत आल्या की नाही, मला माहीत नाही. त्या नर्सिंग होममध्ये माझे जाणे आठवड्यातून एकदा, तेही बोलावले तर, आणि तिथल्या सिस्टरला मी अजून विचारलेले नाही. आठवते ते एवढेच, की सिस्टर हातावरची चिकटपट्टी ओढून काढत होती, आजी दुसऱ्या हाताने अंगठ्याची शाई केसांना पुसत होत्या, आणि मुलाने खिशातून रुमाल काढला होता. गाठ फार घट्ट बसली होती. ती त्याला दातांनी सोडवावी लागली.